गळती नव्हे, हकालपट्टी

शाळा सोडून गेलेल्या मुलांसाठी मराठीत एक सोयीचा शब्द रूढ झाला आहे : गळती. छप्पर गळते, नळ गळतो, तशी मुले गळतात. या शब्दाला कर्ता नाही. मुलांना कोणी गाळले, कोणत्या फटीतून गाळले आणि गळून ती कोठे गेली, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर देण्याची जबाबदारी तो कोणावर टाकत नाही. अमेरिकेतील शिक्षणतज्ज्ञांनी याच मुलांसाठी दुसरा शब्द घडवला : ‘जोखमीतील विद्यार्थी’. दोन्ही शब्दांचा स्वभाव एकच. दोष मुलात आहे, घरात आहे, वस्तीत आहे. शाळा मात्र निर्दोष, असे न बोलता सुचवून जाण्याची किमया दोघांनाही साधलेली आहे.

या दुसऱ्या शब्दाचा इतिहास उद्बोधक आहे. एप्रिल १९८३ मध्ये रेगन यांच्या शिक्षणमंत्र्यांनी नेमलेल्या एका आयोगाने ‘अ नेशन ॲट रिस्क’ या नावाचा अहवाल सादर केला. जपान आणि जर्मनी यांच्या स्पर्धेत अमेरिकेची पीछेहाट होत आहे, तिचे कारण शाळांचा ढिलेपणा आहे, सबब अभ्यासक्रम कडक करा, परीक्षा वाढवा, शाळेचे तास वाढवा, असा त्याचा मथितार्थ होता. आयोगाचे सदस्य १८. त्यांत विद्यापीठांचे कुलगुरू होते, शास्त्रज्ञ होते, शिक्षणमंडळांचे पदाधिकारी होते. विद्यार्थी एकही नव्हता. अहवालाच्या मथळ्यातील जोखीम राष्ट्राची होती. परंतु पुढील काही वर्षांत तीच जोखीम हळूहळू खाली सरकली आणि गरीब, कृष्णवर्णीय, मेक्सिकन व स्थलांतरित मुलांच्या कपाळी चिकटली. राष्ट्राच्या अर्थव्यवस्थेने निर्माण केलेले संकट मुलाच्या प्रगतिपुस्तकात त्याचा वैयक्तिक दोष म्हणून नोंदवले जाऊ लागले. राज्यकर्त्या वर्गाने आपले ओझे दुसऱ्याच्या खांद्यावर कसे द्यावे, याचा हा नमुनाच म्हणावा लागेल.

तथापि या मुलांना स्वतःला काय वाटते? शाळा कशी सुधारावी याविषयी त्यांचे काही म्हणणे आहे काय? हा प्रश्न ज्या ज्या वेळी प्रामाणिकपणे विचारला गेला, अथवा न विचारताच मुलांनी त्याचे उत्तर दिले, त्या त्या वेळी ते उत्तर तज्ज्ञांच्या अहवालांहून अधिक नेमके निघाले आहे. टेक्सस राज्यातील सान अँटोनिओ शहराचे उदाहरण या संदर्भात आवर्जून आठवावे असे आहे.

त्या शहराच्या पश्चिम भागात एजवूड नावाचा शाळा-जिल्हा आहे. वस्ती बहुतांशी मेक्सिकन वंशाच्या कष्टकऱ्यांची. मे १९६८ मध्ये तेथील हायस्कूलच्या शेकडो विद्यार्थ्यांनी वर्गाबाहेर पडून मोर्चा काढला. त्यांच्या मागण्या अगदी साध्या होत्या : शिकवण्यास पात्र असे शिक्षक द्या, मोडकळीला आलेल्या इमारतीची दुरुस्ती करा, पुरेसे शैक्षणिक साहित्य द्या. क्रांतीची भाषा नाही, तत्त्वज्ञानाचा आव नाही. परंतु या साध्या मागण्यांमागे एक प्रश्न दडलेला होता : शहराच्या दुसऱ्या टोकाच्या शाळेत जे आहे, ते आमच्या शाळेत का नाही? पोरांच्या या प्रश्नाने पालक जागे झाले. देमेत्रिओ रॉड्रिगेझ या हवाईतळावरील पत्राकाम करणाऱ्या कामगाराने व इतर पालकांनी त्याच वर्षी न्यायालयात दावा लावला.

दाव्यात जे आकडे पुढे आले ते अर्थशास्त्राच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात छापावेत असे आहेत. अमेरिकेत शाळांचा खर्च फार मोठ्या प्रमाणावर स्थानिक मालमत्ताकरातून चालतो. एजवूडमध्ये दर विद्यार्थ्यामागे करपात्र मालमत्ता होती ५,९६० डॉलरची. शेजारच्या सधन, गौरवर्णीय अलामो हाइट्स जिल्ह्यात ती होती ४९,००० डॉलरहून अधिक. एजवूडच्या गरिबांनी स्वतःवर शंभर डॉलरमागे १.०५ डॉलर असा त्या महानगरातील सर्वांत चढा कर बसवून घेतला होता. अलामो हाइट्सच्या धनिकांचा दर होता ०.८५ डॉलर. आणि फळ काय? १९६७–६८ या वर्षी चढ्या दराने कर भरून एजवूडला आपल्या प्रत्येक मुलासाठी राज्याच्या किमान योजनेतील वाट्यावर जास्तीचे उभे करता आले अवघे २६ डॉलर. कमी दराने कर भरून अलामो हाइट्सने उभे केले ३३३ डॉलर. राज्याचे अनुदान आणि केंद्राची मदत धरूनही एकीकडे दर मुलामागे ३५६ डॉलर, दुसरीकडे ५९४. जो अधिक सोसतो त्याला कमी मिळते, आणि जो कमी सोसतो त्याला अधिक मिळते. एजवूडमधील जवळजवळ निम्मे शिक्षक तात्पुरत्या परवान्यावर का शिकवत होते, याचे उत्तर या हिशेबात आहे. मुलांनी बोट ठेवले होते मोडक्या इमारतीवर. प्रत्यक्षात ते बोट राज्याच्या करव्यवस्थेवर पडले होते.

खालच्या न्यायालयाने १९७१ मध्ये पालकांच्या बाजूने कौल दिला. परंतु १९७३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार अशा निसटत्या बहुमताने तो फिरवला. शिक्षण हा अमेरिकी राज्यघटनेने दिलेला मूलभूत हक्क नाही, असे बहुमताचे म्हणणे पडले. न्यायमूर्ती थर्गूड मार्शल यांनी तीव्र भिन्नमत नोंदवले, पण निकाल तो निकाल. एजवूडच्या लोकांनी नाद सोडला नाही. १९८४ मध्ये त्यांनी राज्याच्या घटनेच्या आधारे पुन्हा दावा लावला आणि १९८९ मध्ये टेक्ससच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने शाळांची ही अर्थव्यवस्था घटनाबाह्य ठरवली. वर्गाबाहेर पडलेल्या पोरांच्या मोर्चापासून या निकालापर्यंत २१ वर्षे गेली. मोर्चातील मुले तोवर स्वतः आईबाप झाली होती.

यातून पहिला निष्कर्ष निघतो तो असा की, वंचित विद्यार्थ्यांचे गाऱ्हाणे वरवर पाहता फुटकळ असते. फुटकी खिडकी, गैरहजर शिक्षक, घाणेरडी मुतारी, न येणारी बस. सुशिक्षित मध्यमवर्गीय सुधारकाला त्यात तत्त्व दिसत नाही. तो ‘सर्जनशीलता’, ‘मूल्यशिक्षण’, ‘गुणवत्ता’ अशा मोठ्या शब्दांत रमतो. पण ज्याला शाळेचा रोजचा चटका बसतो, त्याचे निरीक्षण थेट उत्पादनसाधनांच्या वाटपापर्यंत जाऊन भिडते. जोखीम त्या मुलात नसून त्या वाटपात होती.

दुसरा निष्कर्ष मिशेल फाइन या संशोधिकेच्या कामातून निघतो. न्यूयॉर्कमधील एका सार्वजनिक हायस्कूलचा जवळून अभ्यास करून तिने १९९१ मध्ये ‘फ्रेमिंग ड्रॉपआउट्स’ हे पुस्तक प्रसिद्ध केले. शाळा सोडणारी मुले खचलेली, मंद व निष्क्रिय असतात, हा सार्वत्रिक समज तिच्या अभ्यासात टिकला नाही. उलट अन्याय दिसला की त्याला प्रश्न करण्याची वृत्ती त्यांच्यातील अनेकांत ठळक होती. पैसा, वंश, बेकारी हे विषय वर्गात निघाले की ते दाबण्याकडे, बाजूला सारण्याकडे शाळेचा कल होता. म्हणजे ज्या मुलांना लोकशाहीची भाषा येत होती, तीच शाळेला जड झाली आणि त्यांचीच नावे पटावरून कमी होत गेली. यालाच तेथील चळवळीतील विद्यार्थ्यांनी ‘ढकलून दिलेले’ असा शब्द पुढे वापरला. गळती या शब्दात जो कर्ता हरवला होता, तो या शब्दात परत आला.

आता शाळांत लोकशाही आणण्याचे जे प्रत्यक्ष प्रयोग झाले, त्यांकडे वळणे प्राप्त आहे. त्यांतील सर्वांत मोठा प्रयोग शिकागो शहराचा. १९८७ च्या हिवाळ्यापूर्वी तेथील शाळा शिक्षकांच्या १९ दिवसांच्या संपाने बंद पडल्या होत्या आणि केंद्रीय शिक्षणमंत्री शिकागोच्या शाळांना देशातील सर्वांत वाईट शाळा म्हणून हिणवत होते. शहराचे पहिले कृष्णवर्णीय महापौर हॅरल्ड वॉशिंग्टन यांनी पालक, शिक्षक व नागरिक यांना एकत्र आणून सुधारणेची चर्चा घडवली. नोव्हेंबरमध्ये त्यांचे आकस्मिक निधन झाले, पण चर्चा थांबली नाही. १९८८ मध्ये इलिनॉय राज्याने कायदा केला. त्यानुसार प्रत्येक शाळेला स्थानिक परिषद मिळाली : ६ पालक, २ नागरिक, २ शिक्षक आणि मुख्याध्यापक. मुख्याध्यापकाची कायमची खुर्ची गेली. त्याला चार वर्षांच्या कराराने नेमण्याचा व दूर करण्याचा अधिकार या परिषदेकडे आला. गरीब मुलांसाठी येणाऱ्या राज्यनिधीचा विनियोग आणि शाळेची सुधारणा-योजना हेही तिच्याच हाती आले. ऑक्टोबर १९८९ मध्ये पाचशेहून अधिक शाळांत निवडणुका झाल्या आणि पाच हजारांहून अधिक प्रतिनिधी निवडून आले. झाडलोट करणारी स्त्री आणि कारखान्यातील मजूर मुख्याध्यापकाची मुलाखत घेण्यास बसले. सत्तेचे इतके खरेखुरे विकेंद्रीकरण अमेरिकेतील कोणत्याही मोठ्या शहराने तोवर केले नव्हते.

या प्रयोगाचे मोल कमी लेखता कामा नये. तथापि त्यातील एक उणीव डोळ्यांत भरते. हायस्कूलच्या परिषदेत एका विद्यार्थी-प्रतिनिधीला जागा होती. मात्र मुख्याध्यापकाच्या निवडीत त्याला मत नव्हते. ज्याच्या आयुष्याचा सौदा व्हायचा तो सौद्याच्या बैठकीत हजर, पण मुका. शिवाय हा एक प्रतिनिधी कोण असणार? जो रोज शाळेत येतो, ज्याचे गुण बरे आहेत, ज्याला शिक्षक ओळखतात तोच. नववीत नाव कमी झालेला, घर चालवण्यासाठी रात्रपाळी करणारा, वर्षातून तीन वस्त्या बदलणारा मुलगा त्या खुर्चीपर्यंत पोहोचत नाही. शाळेतील लोकशाहीचे हे मूळ दुखणे आहे. तिची मतदारयादी म्हणजे शाळेचा पट, आणि ज्यांची तक्रार सर्वांत तीव्र आहे, त्यांचे नाव पटावरून आधीच उडालेले असते. टिकलेल्यांचे मत हेच सर्वांचे मत धरून सुधारणा होतात आणि पुन्हा टिकलेल्यांच्याच सोयीच्या ठरतात.

विकेंद्रीकरणाची हवा फार काळ टिकली नाही. १९९५ मध्ये दुसऱ्या कायद्याने शिकागोच्या शाळांचा कारभार महापौरांच्या हाती गेला आणि शिक्षणमंडळाच्या शिरोभागी शिक्षणाधिकाऱ्याऐवजी कंपन्यांच्या धर्तीवरचा ‘मुख्य कार्यकारी अधिकारी’ आला. स्थानिक परिषदा कागदावर राहिल्या, पण शाळा ठेवायची की मोडायची हा अंतिम निर्णय त्यांच्या हाती नव्हता. २०१३ मध्ये एका फटक्यात सुमारे ५० शाळा बंद करण्यात आल्या. त्यांत शिकणारी मुले बहुतांशी कृष्णवर्णीय होती. ब्रॉन्झव्हिल या वस्तीतील डायेट हायस्कूल क्रमाक्रमाने बंद करण्याचे २०१२ मध्येच ठरले होते. शाळेचा श्वास हळूहळू कोंडला गेला; वर्ग कमी झाले, विषय कमी झाले आणि उरलेल्या विद्यार्थ्यांवर शारीरिक शिक्षणासारखा विषयही संगणकाच्या पडद्यावर शिकण्याची पाळी आली. हसावे की रडावे अशी ही अवस्था! विद्यार्थ्यांनी निदर्शने केली. शेवटी २०१५ च्या उन्हाळ्यात पालक व कार्यकर्ते यांनी ३४ दिवस उपोषण केले, त्या उपोषणाच्या काळातच शाळा पुन्हा उघडण्याचे मान्य झाले आणि २०१६ मध्ये ती उघडली. शहराला निवडून आलेले शिक्षणमंडळ देण्याचा कायदा २०२१ मध्ये झाला व त्याची पहिली निवडणूक नोव्हेंबर २०२४ मध्ये पार पडली. लोकशाही दिली गेली, काढून घेतली गेली, आणि पुन्हा लढून मिळवावी लागली. शाळेच्या लोकशाहीला शहराच्या सत्ताकारणापासून वेगळे काढता येत नाही, हा शिकागोचा धडा आहे.

या साऱ्या घडामोडींचा अर्थ लावण्यास अर्थशास्त्रज्ञ आल्बर्ट हर्शमन याची १९७० मधील मांडणी उपयोगी पडते. एखादी संस्था ढासळू लागली की तिच्या माणसांपुढे दोन वाटा असतात, असे तो म्हणतो : बाहेर पडणे, किंवा आवाज उठवणे. मिल्टन फ्रीडमन याने १९५५ मध्ये शिक्षणासाठी सुचवलेली व्हाउचरची योजना पहिल्या वाटेवर उभी आहे. पालकाच्या हाती सरकारने पैशाची चिठ्ठी द्यावी, त्याने हवी ती शाळा निवडावी, वाईट शाळा आपोआप मरतील, असा तो हिशेब. हर्शमनने त्यातील मेख दाखवून दिली. ज्या पालकांना गुणवत्तेची सर्वाधिक चाड असते आणि आवाज उठवण्याची सर्वाधिक ताकद असते, तेच सर्वांत आधी बाहेर पडतात. मागे राहतात ते ज्यांना बाहेर पडणे परवडत नाही असे. शाळा सुधारत नाही, मरतही नाही. ती सडत राहते. या विचाराला एक पुस्ती जोडली पाहिजे. सधनाचे बाहेर पडणे दुसऱ्या, अधिक चांगल्या शाळेकडे होते. गरिबाचे बाहेर पडणे वीटभट्टीकडे, हॉटेलच्या मोरीकडे अथवा लग्नाच्या बोहल्याकडे होते. बाजारपेठेच्या भाषेत दोन्ही ‘निवड’च ठरतात. ज्याला आवाज दिला नाही त्याने निघून जावे हे ओघानेच आले, आणि त्याच्या निघून जाण्याला गळती म्हणायचे, हा या व्यवस्थेचा शेवटचा अन्याय.

या भूमिकेवर दोन आक्षेप घेतले जातात आणि दोहोंत तथ्यांश आहे. पहिला असा की, पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांना अभ्यासक्रम आणि अर्थसंकल्प यांतले काय कळते? शिवाय वंचित मुलांच्या मागण्या नेहमी पुरोगामीच असतात असेही नाही. त्यांतील अनेकांना कडक शिस्त हवी असते, इंग्रजी हवे असते, नोकरीचे हमखास प्रशिक्षण हवे असते. समाजवादी शिक्षणशास्त्राची त्यांना ओढ असेलच असे नाही. हे खरे आहे. परंतु लोकशाहीचा आधार लोक शहाणे आहेत हा कधीच नव्हता. निर्णयाचे परिणाम ज्याला भोगायचे, त्याला निर्णयात वाटा हवा, हा तिचा आधार आहे. अडाणी माणसाला मत कशाला, हा प्रश्न प्रौढ मताधिकाराच्या वेळीही विचारला गेला होता. एजवूडच्या पोरांना करव्यवस्था समजत नव्हती. पण आपल्या वाट्याचे कोठेतरी अडले आहे, हे त्यांना तज्ज्ञांच्या आधी समजले होते. त्या जाणिवेला हिशेबाची जोड देणे हे तज्ज्ञाचे काम. तिची जागा घेणे हे नव्हे.

दुसरा आक्षेप शिक्षकांचा आहे, आणि तो कामगार चळवळीतील माणसाला अधिक जवळचा वाटेल. पालक आणि मुले यांच्या हाती सत्ता दिली तर शिक्षकाच्या नोकरीची शाश्वती राहील काय? १९६८ मध्ये न्यूयॉर्कच्या ओशन हिल-ब्राऊन्सव्हिल भागात हाच प्रश्न स्फोटक बनला. तेथील कृष्णवर्णीय वस्तीच्या शाळामंडळाने काही शिक्षकांना हटवले, शिक्षक संघटनेने शहरभर संप पुकारला, आणि गरीब पालक विरुद्ध संघटित शिक्षक असा सामना होऊन दोन्ही चळवळींत कित्येक वर्षे न भरणारी जखम झाली. लाभ झाला तो फक्त वरच्या नोकरशाहीचा. उलट शिकागोच्या शिक्षक संघटनेने २०१२ मध्ये कॅरेन लुइस यांच्या नेतृत्वाखाली जो संप केला, त्याच्या आधी तिने वर्गातील पटसंख्या, ग्रंथालये, परिचारिका, कला-संगीताचे शिक्षक हे मुलांचे प्रश्न स्वतःच्या मागणीपत्रकात आणले. परिणामी पालक रस्त्यावर शिक्षकांच्या बाजूने उभे राहिले. मुलांच्या मागण्या आणि शिक्षकांच्या मागण्या यांत जातिवंत वैर नाही; वैर निर्माण होते ते दोघांना तुकडे वाटणाऱ्या व्यवस्थेमुळे.

हा सारा प्रपंच दूरच्या देशाचा म्हणून बाजूला ठेवता येणार नाही. महाराष्ट्रात शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून अंमलात आला. त्याने शाळा व्यवस्थापन समित्या आणल्या, त्यांत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात असे ठरवले. पण हा हक्क ६ ते १४ वर्षांपर्यंतचा, म्हणजे आठवीपर्यंतचा. गळती नेमकी जेथे उफाळते त्या नववी-दहावीच्या उंबरठ्यावर कायदा हात सोडतो. आणि त्याच उंबरठ्यावर एक जुना व्यवहार गावोगाव चालत आलेला आहे, जो प्रत्येक शिक्षकाला ठाऊक आहे पण कोणत्याही अहवालात नीट सापडत नाही. शाळेचा दहावीचा निकाल शंभर टक्के लागावा म्हणून कच्च्या मुलाला नववीतच अडवायचे, पालकाला बोलावून दाखला हातात द्यायचा, नाहीतर ‘सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बस’ असे समजावायचे. मुलगा जातो. शाळेच्या दारावर शंभर टक्के निकालाचा फलक लागतो, संस्थाचालकांचा सत्कार होतो. मुलगा गळला असे कागद सांगतो. त्याला ढकलले असे तो स्वतः सांगेल, पण त्याला विचारतो कोण?

जेथे मुलांना विचारले जात नाही, तेथे ती कधीतरी आपण होऊन बोलतात. पट कमी आहे या कारणाने लहान शाळा जवळच्या शाळेत विलीन करण्याचे धोरण महाराष्ट्रात २०१७ पासून पुन्हा पुन्हा डोके वर काढीत आले आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये इगतपुरी तालुक्यातील दरेवाडी या धरणग्रस्तांच्या वस्तीतील शाळा अशीच बंद पडली, तेव्हा तेथील आदिवासी मुले शेळ्या बरोबर घेऊन नाशिकच्या जिल्हा परिषदेकडे निघाली. शाळा देत नसाल तर दप्तरे परत घ्या आणि राखायला शेळ्या द्या, एवढेच त्यांचे म्हणणे होते. ती हायस्कूलची नव्हे, प्राथमिक शाळेची लेकरे होती. शिक्षणावर खर्च न करणाऱ्या राज्याने आपल्यासाठी कोणता व्यवसाय योजून ठेवला आहे, हे त्यांनी एका वाक्यात सांगितले. हर्शमनच्या दोन्ही वाटा त्या एका मोर्चात होत्या : आवाज दप्तराचा, आणि बाहेर पडण्याची वाट शेळीची.

महाराष्ट्राला ही परंपरा नवी नाही. १८५५ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता या मांग समाजातील मुलीने महार-मांगांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध ‘ज्ञानोदया’ने छापला. आजच्या परिभाषेत ती ‘जोखमीतील विद्यार्थिनी’च ठरली असती. तिने शाळेच्या फळ्यावर उमटणारे सुविचार न गिरवता आपल्या लोकांचे जिणे मांडले. पुढे १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे जोतीरावांनी दिलेल्या निवेदनात तोच सूर हिशेबाच्या भाषेत आला : सरकारचा महसूल शेतकऱ्याच्या घामातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च वरच्या वर्गांच्या पदरात पडतो. एजवूडच्या दाव्याने ८६ वर्षांनंतर दुसऱ्या खंडात जे सिद्ध करू पाहिले, त्याचे सार या निवेदनात आलेले होते. मुलीचा निबंध आणि सुधारकाचा हिशेब, दोन्ही मिळूनच शिक्षणाची लोकशाही घडते. एकाला सोडून दुसरे लंगडे.

मग कार्यकर्त्याने करायचे काय? शिक्षणाची सुधारणा ही मंत्रालयातून उतरणारी वस्तू आहे, ही समजूत प्रथम टाकली पाहिजे. प्रत्येक तालुक्यात एक साधे काम हाती घेता येईल. गावातील प्रत्येक माध्यमिक शाळेचा आठवीचा पट, नववीचा पट आणि त्यातील किती मुले दहावीच्या परीक्षेस त्याच शाळेतून बसली, हे तीन आकडे माहितीच्या अधिकारात मागवावेत. मधल्या फरकातील मुले कोठे आहेत ते घरोघर जाऊन शोधावे. ती उसाच्या फडावर आहेत, गॅरेजात आहेत, सासरी आहेत, सापडतील. त्यांना उपदेश न करता आधी विचारावे : शाळा का सुटली, कोण काय बोलले, काय असते तर टिकला असता? कोयत्याबरोबर सहा महिने जाणारी मुलगी वसतिगृह मागेल, दुसरी सकाळची एस. टी. मागेल, तिसरा गणिताचा शिक्षक मागेल, चौथा फक्त अपमान न होण्याची हमी मागेल. या उत्तरांची जाहीर सुनावणी गावच्या चावडीवर, शिक्षकांना बरोबर घेऊन व्हावी. शिक्षकाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्यासाठी ती नव्हे. अशैक्षणिक कामांच्या आणि रिक्त जागांच्या ओझ्याखाली तोही दबलेला आहे, हे त्याला तेथे सांगता आले पाहिजे. आणि माध्यमिक शाळांच्या समित्यांत विद्यार्थ्यांना नुसती खुर्ची न देता मत द्यावे, त्यांतील एक जागा शाळा सुटलेल्या मुलासाठी राखावी, शाळेच्या खर्चाचा ताळेबंद त्यांना समजेल अशा भाषेत भिंतीवर लावावा, या मागण्या या सुनावण्यांतून वर याव्यात.

शंभर टक्के निकालाचा फलक जेथे लावला आहे, त्याच भिंतीवर शेजारी दुसरा फलक हवा : नववीत इतकी मुले होती, दहावीपर्यंत इतकी आली. तो फलक लावण्याची सक्ती करण्यास कोणत्याही आयोगाची गरज नाही. गावाचा निर्धार पुरेसा आहे. ज्या दिवशी तो लागेल, त्या दिवशी ‘गळती’ या शब्दाला कर्ता मिळेल, आणि मग त्याला उत्तर द्यावे लागेल.